गरम झाली की बंद

माणसाच्या आयुष्यात मोटार दोन मार्गांनी येते. एक हौसेनं, दुसरी वारशानं. हौसेच्या मोटारीला हप्ते असतात, वारशाच्या मोटारीला इतिहास असतो. हप्ते कधीतरी फिटतात.

माझ्याकडे आली ती वारशानं, आणि तीही वारसा देणारा चांगला धडधाकट असताना. म्हणजे मालकी अण्णांची, डागडुजी माझी. कायद्यात या प्रकाराला काहीतरी नाव असणार. बी.कॉम.ला मी ते वाचलंही असणार, पण तो पेपर मला दुसऱ्या खेपेला सुटला.

गाडीचं कागदोपत्री नाव प्रीमिअर पद्मिनी, नोंदणी १९८६ ची. पण साताऱ्यात आमच्या आळीत तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, सगळे 'फियाट'च म्हणतात. त्यात चूक काहीच नाही. मूळची ती इटालियन फियाट ११०० डी. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायला लागली आणि १९७४ साली तिचं 'पद्मिनी' असं दुसरं बारसं झालं. माहेर इटलीतलं, सासर कुर्ल्याचं आणि नाव चितोडच्या राणीचं! इंजिन १०८९ सी.सी.चं आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. हल्लीच्या मुलांना तो गिअर दाखवला, तर "काका, हा वायपर का?" असं विचारतात.

अण्णांनी ती १९९१ साली जुनीच घेतली, प्लॉटसाठी साठवलेल्या पैशांतून. त्यावर आई एवढंच म्हणाली होती, "घर नाही झालं तर नाही, घराबाहेर पडायची तरी सोय झाली." हे कौतुक होतं की काय होतं, ते अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. आई २०२० साली गेली. पुढच्या वर्षी अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि मी त्यांना सांगून टाकलं, "अण्णा, आता गाडी चालवायची नाही." ते "बरं" म्हणाले. अण्णा इतक्या चटकन 'बरं' म्हणाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. किल्ली मात्र खिळ्यालाच राहिली. बापापासून किल्ली लपवून ठेवणं मला जमलं नाही.

आता मूळ दुखणं सांगतो. २०२२ च्या डिसेंबरात गाडीनं एक नवीन खोड काढली. सकाळी चोक ओढला की अर्ध्या फिरकीत सुरू. गावात भाजी, दळण, पोस्ट, सगळं सुरळीत. पण हमरस्त्याला लागून वीस-पंचवीस किलोमीटर झाले, इंजिन चांगलं तापलं, की दोन शिंका, एक आचका आणि शांतता! मग स्टार्टर मारायचा. इंजिन घर्र घर्र फिरतं, पण पेटत नाही. वीस मिनिटं थांबा, बॉनेट उघडा, चहा घ्या, परत किल्ली फिरवा, की जसं काही झालंच नाही अशा थाटात सुरू. पुन्हा पंधरा किलोमीटर, पुन्हा शिंका.

रस्त्यात बंद पडलेली मोटार हा समाज जोडणारा फार मोठा धागा आहे. एरवी साताऱ्यात मला कुणी ओळख देत नाही, पण बॉनेट उघडून उभा राहिलो की पाच मिनिटांत सात तज्ज्ञ. कुणी म्हणालं कॉइल. कॉइल तापली की आतल्या तारांचं इन्सुलेशन दगा देतं आणि ठिणगी मरते. गार झाली की पुन्हा जिवंत. कुणी म्हणालं, कॉइल कसली, कंडेन्सर! तोही तापल्यावरच बिघडतो. शेजारचे निवृत्त प्राध्यापक (विषय संस्कृत) म्हणाले, "मला वाटतं, हेडगॅस्केट." हेडगॅस्केट म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही ते विचारू नये अशाच बेतानं सांगितलं होतं.

मी कॉइल बदलली. कंडेन्सर बदलला. पॉइंट बदलले, प्लग बदलले. गाडी दर वेळी नव्या पार्टासकट, नव्या उत्साहानं, त्याच ठिकाणी बंद पडत राहिली.

शेवटी मेस्त्रींकडे गेलो. आमचे मेस्त्री म्हणजे फियाटच्या पिढीतले. नव्या गाड्यांत संगणक लावून दोष काढतात हे त्यांना मान्य नाही. "सायेब," ते म्हणाले, "इंजिन बंद पडायला दोनच कारणं. एक तर करंट न्हाय, न्हाय तर पेट्रोल न्हाय. बाकी सगळी बडबड."

पण अडचण अशी, की मेस्त्रींच्या दारात गाडी कधी बंदच पडत नसे. दाताचं दुखणं दवाखान्याच्या पायरीवर थांबतं, तसं. तासभर चालू ठेवली, मेस्त्री दोन चहा प्याले, गाडी ठणठणीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते आजारी रजेच्या अर्जावर सही करताना आमचे मॅनेजर पाहतात तसं. मग म्हणाले, "पुढल्या टायमाला बंद पडली की चहा प्यायचा न्हाय. गरम असतानाच बघायचं. पैला एक प्लग काढा, वायरीत घाला, इंजिनाला टेकवा आणि वैनींना किल्ली मारायला सांगा. ठिणगी निळी आली की करंट हाय. मग कार्बुरेटरचं वरचं झाकण काढून आत बघा. एक्सिलेटरची दांडी हलवली की पेट्रोलची पिचकारी उडाया पायजे. न उडली तर पेट्रोल न्हाय." वायर हातानं नाही, पक्कडीनं धरायची, हेही त्यांनी सांगितलं होतं. ते मी ऐकलं नाही.

पुढच्या रविवारी पाचवडच्या अलीकडे गाडी थांबली. मी प्लग काढला, इंजिनाला टेकवला, हिला म्हटलं, "मार किल्ली." तिनं मारली. करंट होता. ठिणगी निळी होती की कशी ते मला सांगता आलं नाही, कारण त्या वेळी मी रस्त्याच्या कडेच्या बाभळीपाशी होतो. "निळी होती हो," ही गाडीतून म्हणाली. "छान होती."

दुसरी परीक्षा केली. दांडी हलवली, पिचकारी नाही. कार्बुरेटर कोरडा ठाक. एवढे दिवस मी करंटावर पैसे घालत होतो आणि दोष पेट्रोलच्या खात्यात होता! चुकीच्या खात्यावर नावे टाकलेली रक्कम सापडली की जसं हायसं वाटतं, तसं वाटलं. खातं सापडलं म्हणजे चूक सापडली असं नसतं, हे बँकेत चोवीस वर्षं काढूनही मी विसरलो.

मेस्त्री खूष झाले. "मग पंप," म्हणाले. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटवलेला असतो. इंजिन तापलं की पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप बिचारा पेट्रोलऐवजी वाफच ढकलत बसतो. त्याला आपल्याकडचा उपाय म्हणजे ओलं फडकं. एका काळी कुठल्याही घाटात फियाटची बॉनेटं उघडी आणि आत पंपाच्या कपाळावर ओल्या पट्ट्या, टायफॉइडचा वॉर्ड असावा तसं दृश्य दिसे. आम्हीही ठेवू लागलो. पट्टी ठेवली, वीस मिनिटं झाली, गाडी सुरू. गुण आला! पट्टी न ठेवताही वीस मिनिटांनीच सुरू होत होती, ही गोष्ट कुणीच लक्षात घेतली नाही. काविळीवर मंत्र देणाऱ्यांची चलती अशीच असते. मेस्त्रींनी पंपाचा पडदाही नवा टाकला. गाडी बंद पडतच राहिली, आणि मुख्य म्हणजे जानेवारीच्या थंडीत जास्तच पडू लागली. वाफ व्हायची ती थंडीत जास्त कशी होईल? मेस्त्री म्हणाले, "ते म्या बी सांगू शकत न्हाय."

तेव्हा मी मोटारशास्त्र सोडलं आणि माझ्या शास्त्राकडे वळलो.

मी बँकेत लागलो तेव्हा लेजरबुकं शेवटच्या घटका मोजत होती, पण ताळा जमवण्याची विद्या मी त्यांच्यावरच शिकलो. संध्याकाळी फरक आला की जुने हेडक्लार्क पहिल्यांदा त्याला नऊनं भागून बघत. भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल. कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत. भाग नाही गेला तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. जमेची रक्कम नावे पडली असेल. तर्क नाही, डोकेफोड नाही, नुसत्या नोंदी बघत जायचं. मी एक दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले : तारीख, कुठे बंद पडली, किती अंतरावर, हवा कशी, किती वेळानं सुरू झाली, टाकीत पेट्रोल किती.

पेट्रोलचा रकाना का, तर त्याचा वेगळाच संशय होता. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलनं लिटरला शंभरी ओलांडली आणि साताऱ्यातही आम्ही काट्याकडे भक्तिभावानं बघू लागलो. आमचा काटा रेघ-रेघ खाली जात होता, गाडी जागची हलत नसतानासुद्धा. चोरी! दुसरं काय? किलोमीटरचा आकडा तर कैक वर्षांपूर्वीच थांबलेला, त्यामुळे पुरावा नाही. वॉचमनकडे मी महिनाभर अशा नजरेनं बघत होतो, की त्यानं मला नमस्कार करणं सोडलं. अखेर २०२२ च्या दिवाळीनंतर टाकीला कुलुपाचं झाकण आणलं. दुकानदारानं दोन झाकणं दाखवली. मी अर्थातच स्वस्तातलं घेतलं. सोबत दोन चाव्या. एक माझ्या जुडग्यात, दुसरी पोथ्यांच्या कपाटात.

आणि कुलूप लावल्यावर जे झालं त्यानं माझी झोप उडाली. पेट्रोल कमी होतच राहिलं, आणि मधूनमधून वाढूही लागलं! सोमवारी काटा अर्ध्यावर, बुधवारी अर्ध्याच्या वर एक रेघ. बँकेतल्या माणसाला कॅश कमी भरण्याची भीती नसते. खिशातून घालता येते. पण जास्त भरली की अंगावर काटा येतो. जास्त म्हणजे कुणाची तरी कमी. कुणाची?

वही भरत गेली. फेब्रुवारीत मी ती घेऊन बसलो आणि एक विलक्षण गोष्ट दिसली. गाडी बंद पडायची ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे पगार होऊन मी टाकी भरली की. महिनाअखेरीला, टाकीत नुसता वास उरलेला असताना, हीच गाडी वाईला जाऊन परत येई आणि एक शिंक देत नसे. चोवीस वर्षांच्या नोकरीत महिनाअखेरीला व्यवस्थित चालणारी दुसरी कुठलीच वस्तू मी पाहिलेली नाही. हे मेस्त्रींना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "सायेब, इका आता," म्हणाले.

वही चाळताना आणखी एक गोष्ट दिसली होती. आत एका पानावर खूण म्हणून अण्णांच्या पेन्शनच्या पासबुकाची चिठ्ठी होती. मी ती काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. पुढे काही विचार केला नाही.

गिऱ्हाईक आलं पाचगणीहून. रिसॉर्टवाले एक गृहस्थ. त्यांना गाडी चालवायची नव्हतीच. हिरवळीवर उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची होती. "लोक फोटो काढतात हो," म्हणाले. किंमत बरी देत होते. मी घरी सांगितलं. ही गप्प बसली. अण्णा म्हणाले, "बरं." हे दुसरं 'बरं'.

जायच्या सकाळी ते स्वतः तयार होऊन पुढच्या सीटवर बसले. नाक्यावरच्या पंपापाशी म्हणाले, "टाकी भरून घे."

"अण्णा, ते त्यात झेंडू लावणार आहेत. पेट्रोल कशाला?"

"पोरीला पाठवताना ओटी रिकामी ठेवत नाहीत."

यावर मुलगा काय बोलणार? काठोकाठ भरली. कुलूप लावलं, चावी खिशात टाकली.

पाचवडला पहिली शिंक आली. वीस मिनिटं. वाईच्या पुढे पसरणी घाट लागला, आणि चौथ्या की पाचव्या वळणावर गाडी आचका देऊन थांबली. मी उतरलो, चाकाला दगड लावला, बॉनेट उघडलं, पंपावर ओलं फडकं ठेवलं, ठिणगी पाहिली (पक्कडीनं), कार्बुरेटर पाहिला. कोरडा. अण्णा कठड्यावर बसून खाली धोमच्या पाण्याकडे बघत होते.

"अण्णा, ही तुमची गाडी," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा. "सहा वेळा मेस्त्री झाले, पार्ट झाले. एकदा तरी नीट चालली का?"

"माझ्या हातात ती कधी बंद पडत नाही," अण्णा म्हणाले.

मी फडकं पिळता पिळता थांबलो. 'पडत नाही'. 'पडत नव्हती' नव्हे! मराठी व्याकरणात मला एरवी गती नाही, पण काळाचा हा फरक मोठा होता.

"तुमच्या हातात?"

अण्णा उठले, गाडीच्या मागच्या बाजूला गेले. खिशातून चावी काढली. माझ्या जुडग्यातली नव्हे; त्यांच्या खिशातली. त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं.

स्स्स्स... असा लांबलचक आवाज झाला. कुकरची वाफ बाहेर पडते तसा, पण उलटा. हवा आत चालली होती. किती वेळ चालली होती!

"बस आत. मार किल्ली."

गाडी तापलेली, वीस मिनिटं झालेली नाहीत, फडकं माझ्या हातात. दोन-चार घरघरी, आणि सुरू!

"तुझ्या झाकणाला भोक नाही," अण्णा म्हणाले. "पेट्रोल बाहेर जायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला नको? जुन्या झाकणाला भोक होतं. बाटली तोंडाला गच्च लावून पाणी ओढत राहिलास, तर शेवटी येतं का? भरल्या टाकीत वर हवेला जागाच थोडी, लगेच ओढ बसते. रिकामीत बसत नाही. वहीत तूच लिहिलंयस. आणि थांबलास की फटीतून हळूहळू शिरते थोडी. तेवढीवर पुढे चालते."

तापण्याचा काही संबंधच नव्हता. वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की इंजिन तापतं, आणि तेवढ्यातच टाकीत ओढही बसते. दोघं एकाच वेळी दारात आले म्हणून मी पहिल्याला चोर ठरवलं होतं. उन्हानं टाकीतलं पेट्रोल फुगून उलट थोडा आधारच होत असणार, म्हणून तर थंडीत जास्त. एका ओळीत सगळे रकाने जुळले. पेट्रोलचासुद्धा.

"किती दिवस चालवताय?"

"तू बँकेत असतोस तेवढे."

"आणि पेट्रोल? ते वाढायचं ते?"

"दोनशेचं घालायचो मधूनमधून. तुझा हिशेब बिघडू नये म्हणून."

"ही फुस्स कधी ऐकलीत?"

"जानेवारीत."

म्हणजे महिना-दीड महिना अण्णांना ठाऊक होतं. पंपाचा पडदा बदलला तेव्हा ठाऊक होतं. सांगायचं तर चावी कुठून आली ते सांगावं लागलं असतं. मी जोरात काहीतरी बोलणार होतो. मग मला टाकी भरून घ्यायला लावलेली आठवली, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. ते झाकण पुसत होते.

"जाता कुठे पण?"

"माहुलीला."

साताऱ्याहून संगम माहुली पाच किलोमीटर. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचा घाट. आईला आम्ही तिथंच नेलं होतं. जाऊन-येऊन दहा किलोमीटर. तेवढ्यात टाकीला ओढ बसत नाही. अण्णांच्या हातात ती कधी बंद पडत नाही, हे खरंच होतं.

मी चाकाचा दगड काढला. वर थोडी रुंद जागा होती, तिथं गाडी वळवली. रिसॉर्टवाल्यांना फोनवर म्हटलं, "गाडी नादुरुस्त आहे हो." ते म्हणाले, "आम्हाला चालते की नादुरुस्त!" मी म्हटलं, "नाही, आता दुरुस्त झाली, तीच पंचाईत आहे." त्यांनी फोन ठेवला. वाईपर्यंत झाकण अर्धवट फिरवून ठेवलं होतं आणि त्यावर ओलं फडकं बांधलं होतं. एवढ्या महिन्यांत फडक्याचा झालेला पहिला उपयोग.

मेस्त्रींनी झाकण बाहेर काढून, लांब नेऊन, बारीक भोक पाडून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. "झाकण बघायचं म्या इसरलो," एवढंच म्हणाले. वॉचमनला मी दिवाळीला पेढे दिले. कशाबद्दल, ते त्याला कळलं नाही. त्यानं ते संशयानं घेतले.

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान हलवली ती आडवीच. तेव्हा माहुलीला आता रविवारी सकाळी मी नेतो. अण्णा शेजारी बसून "क्लच सोड", "तिसरा टाक" असं सांगत असतात. घाटाच्या अलीकडे रस्ता मोकळा असतो. तिथं मी एखाद वेळी उतरून चहाच्या टपरीकडे जातो आणि जरा वेळ तिकडेच रेंगाळतो. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीला मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्या दिवशी अण्णांनी पेपर मला दाखवला आणि म्हणाले, "टॅक्सी म्हणे. आपली प्रायव्हेट आहे."

वही मी बंद केलेली नाही. कालची नोंद : 'माहुली, जाऊन-येऊन. हवा ढगाळ. बंद पडली नाही. पेट्रोल : काटा गुरुवारपेक्षा एक रेघ वर.'